शेपटीची वात

वडवणीच्या विमान मंडळात आता दोघेच उरले होते, आणि त्यातला एक खाटेवर. एके काळी दर रविवारी माळावर जत्रा भरायची. विमानदलातून निवृत्त होऊन आलेल्या गहिनीनाथनं हे खूळ गावात आणलं. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि बिनइंजिनाची विमानं. लोक आधी हसले, मग शिकले. दुष्काळ पडला तसे कोणी ऊसतोडीला गेले, कोणी पुण्याला. पोटापुढं विमानाचं काय चालतं!

माळावर दूध सोसायटीनं जनावरांची छावणी टाकली, कडब्याची गंजी रचली. तालुक्यात तेवढाच चारा शिल्लक होता.

खाटेवरच्या धर्मराजला बीडच्या डॉक्टरांनी घरी नेऊन सेवा करा म्हणून सांगितलं. त्याचं शेवटचं विमान अजून उडायचं होतं. ते वर जाऊन खाली आलेलं बघायचं, एवढाच त्याचा हट्ट. बायकोनं, केसरबाईनं, खाट अंगणात काढली. समोरच माळ होता.

मंडळाची एक रीत होती. शेपटी खाली दाबून धरणाऱ्या दोऱ्याला वात बांधायची आणि पेटवूनच विमान सोडायचं. वात जळत दोऱ्यापर्यंत आली, दोरा तुटला की शेपटी वर उठते, विमान अलगद खाली येतं. वात नसली तर तापल्या रानातली गरम हवा त्याला नेते ती नेतेच.

गहिनीनाथनं वात पेटवली आणि वारं छावणीकडं फिरलं. पेटत्या वातीसकट विमान गंजीवर उतरलं तर! उद्यावर टाकावं, तर धर्मराजला उद्या होता कुठं? गहिनीनाथनं पाठ फिरवली, वात चिमटीत दाबून विझवली आणि विमान सोडलं.

काय चढलं ते! धर्मराज कितीतरी दिवसांनी हसला. घिरट्या घेत विमान ठिपक्याएवढं झालं.

"वात लावली ना रं?"

"लावली."

"मग येतंय."

ठिपकाही दिसेना. गहिनीनाथला खाटेजवळ बसवेना आणि उठवेना. ऊन उतरलं. केसरबाई खाट आत घेऊ म्हणाली.

धर्मराजनं गहिनीनाथचा हात ओढून घेतला. अंगठ्यावर, बोटावर काजळी होती. पेटती वात विझवणाऱ्याची चिमटीच अशी काळी होते, हे मंडळात कोणाला सांगावं लागत नसे. त्यानं एकदा गंजीकडं पाहिलं.

"खाट ऱ्हाऊ दे," तो बायकोला म्हणाला. "यानं वात लई लांब लावलीय. उशीर लागंल."

गहिनीनाथ त्याच्या उशाशी ओक्साबोक्शी रडला.