शेपटाचं झाड

सहल म्हटली की मुलांची झोप उडते आणि माझं डोकं फिरतं. मी चित्रकलेचा शिक्षक. मला भल्या सकाळी बसमध्ये कोंबायचं आणि वर 'सर, तुम्ही सोबत असलात की बरं असतं' अशी मखलाशी करायची, हे आमच्या तिसरीच्या बाईंनाच जमतं. बाई शिस्तीच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून तिला शेवटचा बाक, रांगेतली शेवटची जागा. शाळेत 'आई' म्हणायचं नाही, असा नियमच होता. मुलं तिला शेपूट म्हणायची आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

निसर्ग शिक्षण केंद्रापाशी बस थांबली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की नुसतं फाटक दिसत होतं, कुंपणाचा पत्ताच नव्हता. बाईंनी फर्मान काढलं, "जोड्या करा, हात धरा." वर्गात मुलांची संख्या विषम. शेपूट एकटी उरली. ती उरणार हे तिला ठाऊकच होतं. आदल्या दिवशी चित्रकलेच्या तासाला ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "सर, मला जोडी नाही ना, मग उद्या बाईंना माझा हात धरावाच लागेल."

बाईंनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू सरांचा हात धर."

तिने मुकाट्याने धरला. माझा रंगाने माखलेला हात तिच्या काय कामाचा? मला बाईंचा असा राग आला म्हणून सांगू!

केंद्रातल्या ताईने सगळ्या मुलांना सारख्या हिरव्या टोप्या वाटल्या. एक माझ्याही डोक्यावर चढवली, ती टाळूवर कशीबशी टिकली. मग खेळ समजावला. डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्येकाला ओढ्याच्या अल्याड-पल्याड एकेका झाडापाशी बसवायचं. झाड हातांनीच ओळखायचं. बाई येऊन खांद्यावर हात ठेवतील तेव्हा उठायचं आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागायचं. तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही.

मुलं बुंध्यांपाशी दिसेनाशी झाली. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी कार्टी, पण आता चिडीचूप. पानांवरून थेंब गळत होते, सावकाश, कुणाला कसलीच घाई नसल्यासारखे. मग बाई निघाल्या. एका खांद्यावर हात ठेवला, मग दुसऱ्या. त्यांच्यामागे हिरव्या टोप्यांची रांग वाढत गेली, वळली, धुक्यात शिरली आणि भलत्याच बाजूने बाहेर आली. पावलांचा आवाज येत नव्हता. आपण जागे आहोत की अजून बसमध्येच पेंगतोय, हे मला सांगता येईना. सकाळचा सगळा वैताग कुठे गेला कोण जाणे. मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात रांगेतल्या कुणीतरी भोकाड पसरलं. बाईंनी त्या घाबरलेल्या पोराला कडेवर घेतलं आणि रांग माघारी वळवली.

व्हरांड्यात दूध आलं. मुलं पायऱ्यांवर बसली, मीही पेला घेऊन त्यांच्यातच बसलो. बाईंनी मागून टोप्या मोजल्या. बरोबर भरल्या. "चला, बसमध्ये," त्या म्हणाल्या. मी उठलो, डोकं खाजवायला टोपी काढली, आणि बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"सर, आत्ता तुम्ही पायरीवर बसला होतात?"

"मग काय झाडावर बसू?"

त्यांच्या मोजणीत माझीही टोपी आली होती. "ओढ्यापलीकडे राहिली," एवढंच म्हणून त्या पळत सुटल्या. लेकीला नेहमीसारखं शेवटी ठेवलं होतं, आणि त्या रडण्याच्या गडबडीत शेवट राहूनच गेला होता. मुलांना ताईच्या हवाली करून मीही मागे धावलो. बाईंची एक चप्पल ओढ्यात गेली, तरी त्या थांबल्या नाहीत.

शेपूट तिथेच होती. डोळ्यांवर पट्टी, पाठ बुंध्याला टेकलेली, टोपी भिजून चिंब. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. शेपटाने तो दोन्ही हातांत घेतला आणि झाडाची साल चाचपावी तसा सावकाश चाचपला. खडूने कोरडी पडलेली बोटं, अंगठ्यावरची भाजल्याची खूण.

"आलीस?" ती म्हणाली. "मला शेवटी ठेवलंस ना? मला कळलं होतं. शेवटी ठेवलं की मग घाई नसते."

बाईंना हुंदका आवरेना. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू.

"चल राणी," बाई कशाबशा म्हणाल्या. "काढ ती पट्टी."

"नको. काढली की तू परत बाई होशील."

"नाही होणार. खरंच नाही."

पट्टीआड तिने जरा विचार केला. तिकडे ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"आधी सगळ्यांसमोर जाऊ," ती म्हणाली. "मग काढते."

बाईंनी तिचा हात धरला आणि तिला जपून ओढ्यापार आणलं. सगळा वर्ग बसच्या खिडक्यांना नाकं लावून बघत होता. पट्टी तिने अजून काढली नव्हती.