पापण्या मिटून बघा

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात एका चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका शनिवारी विद्यार्थी मोफत डोळे तपासतात. बेघर, विमा नसलेले, नुकतेच देशात आलेले, कुणीही यावं. ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टितपासणीचं शास्त्र, शिकणारी निशिगंधा दोन वर्षं तिथं जात होती, पण मराठी पेशंट तिला कधी मिळाला नव्हता.

फेब्रुवारीत संध्या सासूबाईंना घेऊन आली. मनोरमाबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून मुलाकडे आल्या होत्या. प्रवासाच्या विम्यात जुनं दुखणं बसत नव्हतं.

"आई, मी बाहेर आहे हं," संध्या म्हणाली.

दार लागताच मनोरमाबाईंनी आवाज खाली आणला. "सुनेला सांगू नकोस. मला माणसं दिसतात."

"कसली माणसं, आजी?"

"लहानखुरी, नटलेली. जेवणाच्या टेबलाभोवती उभी राहतात. बोलत नाहीत. वेड लागलं म्हणतील म्हणून मी गप्प बसले."

निशिगंधाने तपासलं. दोन्ही डोळ्यांचे पडदे मध्यभागी झिजले होते.

"वेड नाही हे. डोळ्याकडून चित्र पोचत नाही, तेव्हा मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो. पुष्कळांना होतं. नजर झटझट डावीकडे-उजवीकडे फिरवायची, पापण्या मिटून उघडायच्या. जातात ती."

आजींनी पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "आत्ता एक आहे. करून बघू?"

त्यांनी तसं केलं. पुन्हा केलं.

"नाही गेली. हिरव्या लुगड्यातली बाई. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीये, मांडीवर हात ठेवून."

खुर्ची रिकामी होती.

"कधी कधी वेळ लागतो," निशिगंधा म्हणाली. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली, आजींच्या परवानगीने संध्यालाही समजावलं. संध्याने सासूबाईंचा हात धरला आणि दोघी गेल्या.

पुढचे पेशंट ब्रिंकमान नावाचे जर्मन गृहस्थ. इतका वेळ ते वरच्या मजल्यावर सूप पीत बसले होते. निशिगंधाबरोबर शिकणाऱ्या क्लाराने त्यांना हाताला धरून मागच्या जिन्याने खाली आणलं. त्यांची नजर जवळजवळ गेलेली. स्टुलावर बसता बसता ते थांबले.

"माझ्याआधी त्या बाईंचा नंबर नाही का?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"कोणत्या?"

"खिडकीजवळच्या. हिरवं लांब कापड गुंडाळलेल्या."

निशिगंधाने खुर्चीकडे पाहिलं, ती रिकामीच होती. मग तिने त्यांनाही तेच सांगितलं: नजर फिरवा, पापण्या मिटून बघा. त्यांनी शाळकरी मुलासारखं मन लावून केलं.

"आता?"

त्यांनी हनुवटी वर उचलली. "आता उभ्या आहेत. तुमच्या मागे."

ती वळली नाही. तिने तपासणी पुरी केली, आकडे लिहिले, त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. परत येताना मात्र तिने खिडकीची बाजू टाळली.

पुण्याला परतण्याआधी आजींचा फोन आला. आवाज मोकळा होता. "तू सांगितलंस तसं केलं, एकेक करून सगळी गेली. ती हिरवी बाई तर त्या दिवसानंतर आलीच नाही बघ."

"बरं झालं, आजी," निशिगंधा म्हणाली.

मार्चमध्ये हॉल उघडायच्या आधीच ती पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसली आणि क्लाराला म्हणाली, "माझे डोळे तपास. पडदा नीट बघ."

क्लाराने अर्धा तास तपासलं. "दोन्ही डोळे उत्तम आहेत. काहीच दोष नाही. का गं?"

काहीतरी दोष निघेल, अशी निशिगंधाला फार आशा होती. तिने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिने नजर डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि पापण्या घट्ट मिटून घेतल्या.