बाळंतिणीच्या बारा कोंबड्या

दोन्या एदुविहेसच्या सुनेला मुलगी झाली आणि आठ दिवसांत परसात बारा कोंबड्या जमल्या. बोयाकाच्या त्या थंडगार डोंगरांत बाळंतीण चाळीस दिवस खोलीबाहेर पडत नाही, गार पाण्याला शिवत नाही आणि रोज कोंबडीचा रस्सा पिते. म्हणून ओळखीपाळखीचे लोक पायाला सुतळी बांधलेली जिवंत कोंबडी आणून देतात. जितक्या कोंबड्या जास्त, तितका घराचा मान जास्त. दोन्या रोज सकाळी रस्त्याकडचं दार सताड उघडं टाकून परस झाडायची. येणाऱ्याजाणाऱ्याला मोजता आल्या पाहिजेत ना!

घोळ घातला सुनेने. युरानी राजधानीतली, बोगोताची; तिथे दातांच्या डॉक्टरकडे पेशंटांची नावं लिहून घ्यायच्या कामावर होती. सवय कुठे जाते? कोणाचे आभार मानायचे राहू नयेत म्हणून तिने पलंगावर बसल्या बसल्या नवऱ्याकडून प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाची फीत बांधून घेतली आणि ज्याने कोंबडी दिली त्याचंच नाव तिला देऊन टाकलं. ठिपक्याठिपक्यांची ती नोटरीबाई. मानेवर एक पीस नसलेली ती फादर नेपोमुसेनो. लठ्ठ तांबडी ती समोरच्या घरातली बेत्साबे.

सोमवारी दोन्याने मुलाला हाक मारली. "विल्मर, सुरी घे. आज फादरला कापू."

विल्मरच्या घशात कॉफी अडकली. "आई, त्यांनीच माझा बाप्तिस्मा केलाय!"

"मेल्या, कोंबडीबद्दल बोलतेय मी."

"म्हणून काय झालं? रविवारी प्रसाद घ्यायला त्यांच्यापुढे तोंड कसं उघडू?"

"बरं बाबा, मग नोटरीबाईला घे."

"घराचे कागद अजून तिच्याच टेबलावर आहेत."

"मग ती काळी! ती कोणाची?"

खिडकीतून युरानीचा आवाज आला. "ती शाळेतल्या बाईंची! आणि ती रोज बाळाजवळ येऊन बसते, सुमर्से. हात लावून तर बघा तिला!"

अपमान करायचा झाला तरी पोरगी 'सुमर्से' म्हणून अदबीनेच करायची, त्यामुळे दोन्याला धड भांडताही येत नसे.

आठवडा गेला, सुरीला रक्त लागलं नाही. उलट विल्मरने जुनं लाकडी कपाट परसात आडवं टाकलं. त्यात कोंबड्या राहू लागल्या. खणांत गवत अंथरलं, त्यात अंडी घालू लागल्या. फादरच्या उघड्या मानेला थंडी बाजते म्हणून युरानीने बाळाचा एक पायमोजा पुढून कापून त्यांच्या गळ्यात चढवला. बाळाचा एक पाय उघडा राहिला, त्याचं कोणाला काही नाही. आणि बाळंतीण? ती बटाट्याचं सूप आणि अंडी खाऊन मजेत होती.

दोन्याचा मात्र जीव तुटत होता. विल्मर झाला तेव्हा ती या गावात नवी होती. नवऱ्याच्या घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न झालेलं, गाव बोलत नव्हतं. एक कोंबडी आली नाही. चाळीस दिवस तिने बटाटे उकडलेलं पाणी प्यायलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं की माझी सून अशी उपाशी निजणार नाही. आता देवाने परस भरून दिलं, तर सून कोंबड्यांना मोजे घालत बसली होती. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय!

शनिवारी खरीखुरी बेत्साबे बाळ बघायला आली. खुर्चीत टेकली आणि पहिलाच प्रश्न टाकला. "मग? कशी लागली माझी कोंबडी?"

दोन्या उत्तर जुळवत होती, तेवढ्यात परसातून विल्मरचा आवाज आला. "बेत्साबे! किती वेळा सांगितलं, ताटात हगायचं नाही!"

मागोमाग लाल फीत बांधलेली तांबडी कोंबडी तुरुतुरु आत आली.

बेत्साबेचा चेहरा तिच्या कोंबडीपेक्षा तांबडा झाला. दिलेली कोंबडी खाल्ली नाही म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकली, हे त्या गावात शेंबडं पोरही जाणतं. "कापलीसुद्धा नाहीत? किडे पडलेत का माझ्या कोंबडीत? ठीक आहे. मी घेऊन जाते आणि आत्ता चुलीवर चढवते." तिने कोंबडीला बगलेत मारलं.

"नाही!" म्हणत युरानी खोलीतून धावत आली आणि दारात आडवी उभी राहिली. अनवाणी. गार फरशीवर. पंधराव्या दिवशी!

"आधी आत जा तू! सर्दी भरेल अंगात!" दोन्या किंचाळली.

"कोंबडी खाली ठेवल्याशिवाय मी हलणार नाही, सुमर्से."

दोन्याने सुनेचे निळे पडत चाललेले पाय पाहिले, बेत्साबेच्या बगलेतली कोंबडी पाहिली, आणि तिचं डोकं फिरलं.

"बेत्साबे, ठेव ती खाली. ती माझी आहे."

"तुझी कशी? तुझ्या सुनेसाठी दिली होती मी."

"विल्मर झाला तेव्हा तू याच समोरच्या घरात होतीस. तुझ्या परसात कोंबड्या मावत नव्हत्या. तरी रस्ता ओलांडून माझ्याकडे एक आली नाही. तर ही तीच. एकतीस वर्षं चालत होती बिचारी, आता पोचली. ती मी कापीन, नाहीतर मांडीवर घेऊन बसेन. माझ्या बाळंतपणाची कोंबडी आहे!"

बेत्साबेने कोंबडी हळूच खाली ठेवली आणि कॉफी न पिता निघून गेली. दोन्याने सुनेला तीन घोंगड्यांत गुंडाळलं, शिव्या घातल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. मग दूध उकळत ठेवून त्यात दोन अंडी फोडली आणि वाडगा सुनेच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रविवारची मिस्सा आटोपल्यावर दार वाजलं. बेत्साबे उभी होती, काखेत एक करडी, गुबगुबीत कोंबडी. ती दोन्याकडे न बघता बोलली.

"कालची सुनेचीच. ही तुझी. माझ्या सासूने बजावलं होतं, त्या घरी काही द्यायचं नाही. मी ऐकलं, चुकलं माझं." तिने कोंबडी पुढे केली. "आता तू जाऊन पलंगावर पड. आज तुझा रस्सा मी करते. सुरी कुठाय?"

दोन्याने कोंबडी हातात घेतली. गरम होती, आणि तिचं काळीज धडधडत होतं. दोन्याने तिला शालीखाली छातीशी धरलं आणि एक पाऊल मागे सरकली.

"हात लावून तर बघ," ती म्हणाली.