कोरम

लीलाधर नानांनी अर्ध्या तासात माझी नोकरी घालवली, आणि तीही नियमाला धरून. राग त्याचाच जास्त येतो.

धुळ्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, हंगामी. मला कायम करण्याचा ठराव पंच्याण्णव साली संस्थेच्या सभेत यायचा होता. त्याआधी संस्थेचे अध्यक्ष नाना प्रयोगशाळेत डोकावले. "काय उजेड पाडी राह्यनात, मॅडम?"

मी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं. सुरतेहून बर्फात आलेल्या मासळीवरचे जिवाणू चंबूत वाढवले होते; चंबू निळसर उजळला होता. म्हटलं, "नाना, एकटा जिवाणू उजेड पाडत नाही. जो तो एक रसायन सोडतो. गर्दी वाढली की रसायन दाट होतं. त्यावरून त्यांना कळतं, आपण पुरेसे झालो. मग सगळ्यांची उजेडाची जनुकं एकदम चालू होतात. याला हल्ली कोरमच म्हणतात."

"म्हंजे हाई तं आमनी सभाच शे," नाना हसले.

सभेला आले नाना, त्यांचे मेहुणे आणि व्याही. बाकीच्या सभासदांना निरोपच उशिरा धाडला होता. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. चहा झाला. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरली. तहकूब सभेला कोरमची अट नाही. माझी जागा नानांच्या पुतण्याला गेली. माझ्या चंबूत खारं पाणी ओतून जिवाणू विरळ केले, तर ते निमूट विझतात. चहा पिऊन उजेड पाडल्याचं सोंग करत नाहीत.

मग सहकारी सुरू झाले. एक नळापाशी, एक जिन्यात, पितांबर सर बसस्टँडवर. सगळ्यांचं एकच, "अन्याय झाला, पण माझं नाव घेऊ नका." नानांपेक्षा मला यांचीच चीड आली.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना त्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. चंबू पुढे धरला. "यांना डोकं नाही, तरी शेजारी किती आहेत ते कळतं. माझ्या कानात बोललात, ते आता इथे बोला."

मग पितांबर सरांचा आवाज आला, "अन्याय झाया. मी नानाले सांगसू."

"मी बी संगे शे," दुसरा आवाज. मग तिसरा. मग एकात एक मिसळले.

मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"दिवा नका लावू मॅडम," कुणीतरी पुटपुटलं.

"लावणार," मी म्हणाले. "तोंडं दिसू द्या. कोरम मोजायचाय."