माझ्यावर बर्फ ढकला

मित्रांनो, मी एक जुनी कोथिंबीर आहे. हसू नका. दर उन्हाळ्यात मी मरते, पण माझेच धने माझ्याच वाफ्यात सांडतात आणि पुन्हा मीच उगवते. इराणातल्या थंड हमदानमध्ये नुसरतुल्लांच्या अंगणात मला आजवर कुणी पेरलेले नाही.

माझा जन्म मारामारीतला. नुसरतुल्लांची बायको तूबाखानम माझ्या वाळक्या काड्यांची जुडी घेऊन शेजारच्या बोक्याला हाणायला धावायची. बोका कधीच सापडला नाही. धने मात्र वाफाभर उडायचे. मी बोटभर वाढले की ती माझी मुंडकी छाटायची, बारीक चिरून अंड्यात तळायची. पाहुणे म्हणत, "वा, काय चव!" अशी स्तुती चिरल्याशिवाय वाट्याला येत नाही.

हिवाळ्यात छत कोसळू नये म्हणून नुसरतुल्ला गच्चीवरचा बर्फ फावड्याने थेट माझ्या डोक्यावर ढकलायचे. मी चिरडले जायचे. वसंतात हिरवीगार निघायचे.

मग नवी सून आली, सनम. बंदर अब्बासच्या उकाड्यातली. बर्फ तिने प्रथमच पाहिला.

"अगं बाई, कोवळी रोपं गुदमरली!" म्हणत तिने हातांनी बर्फ उपसला आणि वर कोमट पाणी घातले. जन्मात पहिल्यांदा कुणी मला कुरवाळले. सकाळी वाफ्याची काच झाली होती. सगळी रोपे काळी पडून मेली. भिंतीच्या कोपऱ्यात तिचा हात पोचला नाही, तेवढी मी उरले.

तूबाखानम कडाडली, "अगं पोरी, बर्फ म्हणजे त्यांची गोधडी! गोधडी ओढून वर आंघोळ घातलीस?"

"मला वाटलं, त्यांना थंडी वाजतेय."

"थंडी तुला वाजत होती!"

"जाऊ दे गं," नुसरतुल्ला म्हणाले, "बाजारात मिळते कोथिंबीर."

तूबाखानमने झाडू फेकून मारला. बोक्यासारखेच तेही सापडले नाहीत.

सनम मुसमुसली. "आई, एकच रोप उरलंय. ह्याचं काय करू?"

"पुरून टाक."

पुढचा बर्फ पडताच सनम फावडे घेऊन गच्चीवर चढली. "मामंजी, बाजूला व्हा!" ती ओरडली, पण ढीग ढकलून झाल्यावर. अर्धा माझ्यावर आला, अर्धा मामंजींवर. ते लगेच निघाले. मी वसंतात निघाले.

त्या वर्षी सनमने मला कुणाला चिरू दिले नाही. मी वाळले, धन्यांनी लगडले. मग तीच जुडी उचलून ती बोक्यामागे धावली.

मित्रांनो, रोपांवर माया जरूर करा, पण कुणाला काय सोसते ते आधी घरात विचारा. आणि शेजारी बोका असेल तर त्याला मारू नका. नुसते मागे धावा.