सुनेला दोन गुण

म्हैस व्याली. रेडकामागून पडणारा जार अजून पडलेला नाही.

पडद्यावर: ‘या उत्तरातून तुम्हाला किती समजलं? दहापैकी गुण द्या.’

आपलं लेकरू गुटगुटीत असलं तरी चारचौघांत म्हणायचं, कुठं हो, किरकोळच हाय.

धर्मापुरीत लाईट सकाळी सहा ते दहा.

हे चारही तुकडे एकाच कोर्सचे आहेत.

साल २००८. पुण्याच्या एका संस्थेने दुभत्या जनावरांचा ऑनलाइन कोर्स काढला. धर्मापुरीतल्या सहा बायका रोज लाईट असेल तेवढा वेळ गावातल्या संगमेश्वर नावाच्या तरुणाच्या संगणक केंद्रात शिकायला बसल्या. प्रत्येकीने एक उत्तर लिहायचं, बाकी पाचजणींनी त्याला गुण द्यायचे. जिची सरासरी जास्त, ती गावाची पगारी प्रशिक्षिका. कावेरीला ती जागा हवी होती. घराबाहेरचं, स्वतःच्या नावाचं असं तिच्याकडे अजून काहीच नव्हतं. तिची सासू जगदेवीही कोर्सला होती.

निकाल लागला. वर्षाराणी, आठ. कावेरी, सात पूर्णांक सहा.

“चौघींनी नऊ-नऊ दिलेत वहिनी,” संगमेश्वर म्हणाला. “एकीनं दोन.”

“कुनी?”

तो जगदेवीकडे बघत राहिला.

“मीच दिले की,” जगदेवी म्हणाली. “घरच्या मानसाला आपनच दहा द्यायचे? लोक म्हनतील, सुनेचा डंका पिटतीय. परक्यानं चांगलं म्हनलं तर खरं.”

“काकू, त्या दोनामुळं जागा गेली तिची.”

जगदेवीला हे कळायला थोडा वेळ लागला. “मग दहा कर. आत्ता.”

“न्हाई होत. मुदत संपली.”

कावेरी उठून खुर्च्या एकात एक घालायला लागली.

संगमेश्वरने पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडच्या मॅडमनी विचारलं, “आजी, कावेरीताईंच्या उत्तरातून तुम्हाला काय समजलं?”

“आजी कावून म्हनतीस बाई, दात हायेत अजून. चीक समजला. आमी जार पडस्तोवर रेडकाला चीक पाजत नव्हतो. दोन रेडकं गेली तशी. हिनं लिवलं, जन्मल्यावर तासाभरात पाजा. मागल्या महिन्यात म्हैस व्याली. जार पडायचा होता, तरी पाजला. आता ते दावं तोडतंय.”

“म्हणजे उत्तर चांगलं होतं.”

“लई.”

“मग दोनच का दिले?”

“माझी सून हाय ती.”

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, “पुढच्या कोर्सला आम्ही प्रश्न बदलू. वाचून तुम्ही काय केलं, ते विचारू. पण या वेळचे आकडे आता बदलता येणार नाहीत.”

घरी जाताना जगदेवी पिठाच्या गिरणीपाशी थांबली. तिथे रुक्मिणीबाई दळण घेऊन बसल्या होत्या.

“आमची कावेरी लई हुशार हाय,” जगदेवीने त्यांना सांगितलं.

रुक्मिणीबाईंनी कावेरीकडे पाहिलं, मग जगदेवीकडे. “बरं न्हाई का वाटत तुमाला?”

“बरी हाय मी. हुशार हाय ती, एवढंच सांगायलेय.”

“आत्याबाई, हळू,” कावेरी म्हणाली. तिने जगदेवीचा हात ओढला. “चला आता.”

“थांब. गिरनीवाल्याला ऐकू गेलं न्हाई.”

वर्षाराणीच्या उत्तराला दहा गुण एकीनेच दिले होते, कावेरीने.