धक्क्यावरची मुकी घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. गुलबानूच्या परसात एका माडाच्या बुंध्याशी मी उलटी पडलेली असते आणि माझ्यात पाणी भरलेलं असतं. तिच्या कोंबड्या ते पितात. एखादी कोंबडी काठावर चढून घाण करते तेव्हा मला फार राग येतो, पण राग दाखवायला मला आवाज उरलेला नाही. माझा आवाज कसा गेला आणि माझ्यामागून एका माणसाचा कसा गेला, ते सांगते. त्या गोष्टीत मी काही चांगली वागले नाही, हेही आधीच कबूल करते.

१९२१ साली मुंबईच्या एका ओतशाळेत काशाचा रस ओतून मला घडवलं. ओतणाऱ्या म्हाताऱ्यानं टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "ही लांब ऐकू जाईल." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुगून होते. मग मला मचव्यात घालून किहीम आणि मांडवा यांच्यामधल्या एका लहानशा धक्क्यावर आणलं आणि सागवानी खांबाला टांगलं. तिथं धक्क्यासमोर समुद्रात दोन मोठी खडपं आहेत. भरतीच्या पाण्यात ती बुडतात आणि दिसेनाशी होतात. त्या दोन खडपांच्या मधूनच होडी आत आणावी लागते. पौष-माघात पहाटे धुकं पडलं, की धक्क्यावरचा शिपाई गुणाजी मला वाजवायचा आणि माझ्या आवाजाच्या रोखानं मचवे सुखरूप आत यायचे. नारळी पौर्णिमेला कोळणी मला हळदकुंकू लावायच्या. मचवा हाकणारा नुरुद्दीन तांडेल तर धक्क्यावर उतरला की मला थोपटल्याशिवाय घरी जात नसे.

सहा वर्षं मी असं कौतुक खाल्लं. सत्तावीसच्या वादळात खांब मोडला आणि मी दगडांवर आपटले. माझी जीभ तुटून समुद्रात गेली आणि काठाला चार बोटं तडा गेला. गुणाजीनं हातोडा मारून पाहिला. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तोही दहा पावलांपलीकडे जाईना. नव्या घंटेसाठी त्यानं वरच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं नाही. नव्या खांबाला मला पुन्हा टांगलं ते निव्वळ शोभेला.

त्याच हिवाळ्यात धक्क्याजवळच्या मिठाच्या गोदामावर वरयामसिंग नावाचा शीख रखवालदार आला. लढाईवरून परतलेला, उंच, एक खांदा किंचित पडलेला. तो पहाटे विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ करायचा आणि धक्क्याच्या टोकाला उभा राहून आपली बाणी म्हणायचा. बाणी म्हणजे त्यांची प्रार्थना. अडतीस पौड्या, म्हणजे कडवी, एकही गाळायची नाही, आणि सगळ्या खड्या आवाजात. धुक्यातून तो आवाज पार खडपांच्या पलीकडे जायचा.

पहिल्याच धुक्यात नुरुद्दीन त्या आवाजाच्या रोखानं मचवा घेऊन आत आला. उतरल्यावर गुणाजीला म्हणाला, "सरदाराचा आवाज नाकासमोर धरायचा, बस. दोन्ही खडपं आपोआप चुकतात. आता घंटा नसली तरी हरकत न्हाय."

आणि मला न थोपटता तो निघून गेला. मित्रांनो, त्या दिवसापासून मी वरयामसिंगचा द्वेष करू लागले. रोज पहाटे मी मनात म्हणायची, याची वाचा बसू दे. पाच हिवाळे सगळे तांडेल त्याच्या बाणीवर धक्का शोधत राहिले, पण त्याला मात्र कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे आभार कोण मानतो? त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपली बाणी फक्त आपण ऐकतो आणि वाहेगुरू ऐकतो.

बत्तीस सालच्या चैत्रात मुंबईच्या एका वकिलांनी धक्क्याशेजारी बंगला बांधला. त्यांची झोपमोड होऊ लागली. त्यांनी वरयामसिंगला बोलावून विचारलं, "तुमचा देव बहिरा आहे का हो? मनात म्हटलं तर त्याला पोचत नाही?"

"देव बहिरा नाही, साहेब," तो म्हणाला. "माझा मन बहिरा आहे. कानानं ऐकला तरच तो जागेवर बसते."

वकिलांना हे उत्तर उद्धट वाटलं. त्यांनी गोदामाच्या मालकाच्या नावे तक्रार लिहिली आणि गावकऱ्यांचे अंगठे घ्यायला माणूस फिरवला. पहिला अंगठा कोणाचा होता सांगू? नुरुद्दीनचा. वकील दर शनिवारी त्याच्या मचव्यातून येणार होते, त्यांना दुखवायचं कसं?

"अरे, धुक्यात काय करशील?" गुणाजीनं त्याला विचारलं.

"धुक्याला अजून आठ म्हयने हायत. आणि पडलं तर मी हाक मारीन, सरदार ओ देईल. माणूसच हाय ना तो?"

गुणाजीलाही हे पटलं. पाठोपाठ त्यानंही अंगठा दिला. मालकाचा हुकूम आला: प्रार्थना करायची तर मनात, नाहीतर नोकरी सोडा. वरयामसिंगनं मान खाली घातली. माझी इच्छा पुरी झाली होती, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर तो टोकाला उभा राहायचा, पण नुसते ओठ हलायचे. त्याचे हाल होत होते. एकदा तो गुणाजीला म्हणाला, "मन बैल आहे, भाऊ. तोंड चालू असला की घाण्याला फिरते. तोंड बंद केला की सुटून गावाला पळते. कधी आईकडे जाते, कधी लढाईत जाते. मी पाचव्या पौडीवर असते, तो तिकडे मेलेले लोक मोजते." रोज अर्ध्यात बाणी हरवायची, आणि तो पहिल्यापासून सुरू करायचा. गुणाजीला हसू यायचं. मलाही यायचं.

पौष उजाडला आणि त्या वर्षीचं पहिलं दाट धुकं पडलं. नुरुद्दीन भाऊच्या धक्क्यावरून निघून पहाटेच्या भरतीला इथं पोचत होता. मचव्यात त्याची मुलगी महेरुन्निसा होती. पहिलं बाळंतपण, म्हणून बाप तिला माहेरी आणत होता. त्याच्या बायकोनं, गुलबानूनं, खोली सारवून ठेवली होती.

वरयामसिंग टोकाला उभा होता. डोळे मिटलेले, ओठसुद्धा हलत नव्हते. तेवढ्यात मला लांबून हाक ऐकू आली.

"सरदारजी! ओ सरदारजी!"

मी ऐकली, मित्रांनो. अगदी स्पष्ट ऐकली. वरयामसिंगच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दुसरी हाक आली, तिसरी आली. मग एक बायकी आवाज आला, "चाचा, बोला ना!" मी त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर टांगलेली होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यानं मोठ्यानं म्हणावं असं वाटलं. मी जीव एकवटला. पण जीभ नसलेली घंटा जीव एकवटून काय करणार? लाकूड मोडल्याचा आवाज झाला. दोन खलाशी ओरडले. मग काही वेळानं नुसतं पाणी वाजत राहिलं.

वरयामसिंगनं डोळे उघडले तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. तसं हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. गुणाजी डोळे चोळत येत होता. त्याला तो लहान मुलासारखा म्हणाला, "भाऊ, आज झाला! अडतीसच्या अडतीस! मन एकदा पण हलला नाही. मला काही काही ऐकू आला नाही!"

तेव्हा धुकं थोडं वर सरकलं, आणि धक्क्याच्या पायरीला बाळंतविड्याची टोपली येऊन लागली.

दोघे खलाशी पोहून आले. नुरुद्दीन आणि महेरुन्निसा दुपारी मिळाले. ज्यांनी अंगठे दिले होते तेच वरयामसिंगवर धावून गेले. "ओरडायला काय झालं होतं रे तुला?" म्हणाले. गुणाजीनं तेव्हा त्याला पहिल्यांदा सांगितलं, की पाच वर्षं त्याच्या बाणीवर मचवे आत येत होते. वरयामसिंग खाली बसला. "एकदा तरी सांगायचा होता," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या पहाटे त्यानं नोकरीची पर्वा न करता पुन्हा खड्या आवाजात सुरुवात केली. पहिली पौडी संपायच्या आत गुलबानू धक्क्यावर आली.

"आता कोणासाठी ओरडतोस?" ती म्हणाली. "आता गप बस. जन्मभर गप बस."

तो गप्प झाला. आठ दिवसांनी मालकानं त्याला काढून टाकलं. तो गाव सोडून जाईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघालेला कोणी ऐकला नाही. पुढल्याच महिन्यात कचेरीतून नवी घंटा आली. मला मोडीत घालणार होते, पण गुलबानूनं गुणाजीकडून मला मागून घेतलं.

आता धुकं पडलं की ती परसात येते. हातातल्या पळीनं मला एक टोला मारते. बद्द आवाज होतो. ती थोडा वेळ उभी राहते आणि आत जाते. तिला माझ्याकडून काय ऐकायचं असतं, मला ठाऊक आहे, आणि ते मला देता येत नाही.

मित्रांनो, एवढंच मागते. घंटा फुटली तर ती वेळेवर बदला. माणसं बुडायची वाट पाहू नका. आणि पहाटे शेजारचा कोणी मोठ्यानं देवाचं नाव घेत असेल आणि तुमची झोप मोडत असेल, तर अंगठा उठवण्याआधी जरा बाहेर येऊन धुक्याकडे बघा. त्या आवाजावर कोणीतरी घरी येत असेल.